तीन पाण्यांनी धुतलेलं शेवाळ

“आणखी किती घासशील ती पायरी, वहिनी? झिजून रस्त्याला मिळेल एक दिवस.”

“मिळू दे. तू आधी पाय पूस.”

“माझ्या पायाला मेलेल्यांची माती आहे. ती कुणाला बाधत नाही.”

“अबुन्दिओ, पूस म्हटलं ना!”

अबुन्दिओने मुकाट्याने ओल्या पोत्यावर पाय पुसले. तो नेमेसिया याउरीचा धाकटा दीर. गावच्या दफनभूमीचा राखणदार, बोलण्यात पुढे आणि कामात मागे. रोज सकाळी वहिनीकडे गरम सूप प्यायला यायचा आणि रोज पाय पुसण्यावरून बोलणी खायचा. पण आज वहिनीचं काहीतरी बिनसलं होतं. पायरी तिसऱ्यांदा धुऊन झाली होती, खिडकीच्या काचा दोनदा. सूप चुलीवर उतू चाललं होतं आणि तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

कारण होतं तसंच. सकाळी सहाला फोनवर निरोप आला होता, मिरेया सोलिसचा. ही खालच्या खोऱ्यातल्या विद्यापीठातली शेवाळाची जाणकार. यानाओर्को गावात शिकलेल्या कुणालाही ‘इंजिनियर’ म्हणायची रीत, म्हणून हीसुद्धा इंजिनियरबाई. निरोप एवढाच: ‘अकराला येते. तुमच्याशीच बोलायचंय. तोवर कुणाला काही सांगू नका.’ नेमेसियाने तो पाच वेळा वाचला आणि सहाव्या वेळी अबुन्दिओकडून वाचून घेतला. म्हणजे ‘कुणाला सांगू नका’ तिथेच निकालात निघालं.

“काही नाही गं,” अबुन्दिओ सूप फुंकत म्हणाला, “दुपारी चारला नगरसभेत बोलायचंय तिला. घाबरली असेल. भट्टीवाले समोर बसणार म्हणजे काय थट्टा आहे?”

“मग माझ्याशी कशाला बोलायचंय?”

“धीर द्यायला. तुला बघून माणूस घाबरायचं विसरतो. तुलाच घाबरतो.”

नेमेसियाने त्याच्या हातातला चमचा ओढून घेतला, पुसला आणि परत दिला.

चारच्या सभेचं प्रकरण गावाला पाठ होतं. गावातल्या धातू गाळायच्या भट्टीला आणखी पाच वर्षं आहे तसंच धुराडं चालवायची परवानगी हवी होती. द्यायची की नाही, यावर गावाचं म्हणणं आज लिहून घेणार होते. मिरेयाबाई शेवाळाच्या कागदावरून सांगणार होती की हवेत शिसं किती, कॅडमियम किती. आणि ते शेवाळ आणलं होतं, शिवलं होतं, टांगलं होतं नेमेसियाने. काही चुकलं असलं तर ते आपल्याकडूनच, हे तिने सकाळी सहा वाजताच ठरवून टाकलं होतं. चुकीचा विषय निघाला की आधी स्वतःकडे बोट करायची तिला सवय होती.

ती सवय लागली कशी, तेही सांगायला हवं. आतल्या खोलीत जमिनीवर बसून शेवाळातल्या काड्या वेचणारी तिची लेक नेलिदा आता एकतीस वर्षांची. केस विंचरलेले, गाल लाल, तोंडात सारखं हसू. पण बोटं थरथरतात, आणि बोलता बोलता शब्द हरवला की ती डोळे मिटून तो शोधत बसते. शाळेने तिला तिसरीतून तीनदा परत पाठवलं, मग नेमेसियानेच नाव काढलं. पाच वर्षांची असताना भट्टीच्या दवाखान्यात गावातल्या पोरांचं रक्त तपासलं होतं. नेलिदाच्या रक्तात शिसं मोठ्यांनाही झेपणार नाही एवढं. नर्सने कागदावरून मान वर करून विचारलं होतं, “बाई, घर धुता की नाही तुम्ही? पोरीचे हात धुता? नखं बघा तिची. आईच अशी घाण ठेवत असेल तर आम्ही काय करणार?”

रांगेत वीस बायका होत्या. सगळ्यांनी आपापल्या पोरांची नखं लपवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तिथल्या एकीलाही सुचलं नाही. नेमेसियाला तर नाहीच. तिचा नवरा माक्सिमो तेव्हा भट्टीवरच कामाला होता. कपड्यांवर तीच पूड घेऊन घरी यायचा, पोरीला त्याच कपड्यांनी उचलून घ्यायचा. नेमेसिया त्या दिवशी घरी आली आणि तिने घर धुवायला काढलं. ते आज सव्वीस वर्षं झाली, संपलेलं नाही. माक्सिमो छातीच्या दुखण्याने गेला, तरी धुणं चालूच. पुढे भट्टीवाल्यांनी गावातल्या बायकांचं धुलाई पथक काढलं, पिवळी जाकिटं वाटली, रस्ते पाण्याने झाडायला लावले. त्यात पहिलं नाव नेमेसियाचं. आणि नेलिदाचे हात दिवसातून तीनदा, दर वेळी तीन पाण्यांनी. पहिलं गरम, ब्रश लावून, दुसरं साबणाचं, तिसरं गार. नेलिदा मोठ्याने मोजायची. एक, दोन, तीन.

तीन पाणी ही तशी यानाओर्कोची जुनीच रीत. नाताळात घरोघरी बाळ येशूचा देखावा मांडतात, त्याला खाली शेवाळ लागतं. पूर्वी ते गावाच्या डोंगरावरच मिळायचं. आता डोंगर असे बोडके आणि पांढरे पडलेत की दगडावर साधा हिरवा डागसुद्धा दिसत नाही. नेमेसिया दर डिसेंबरात ट्रकने दोन तास वर जायची, तिथून तासभर पायी. वरच्या तळ्याकाठचं शेवाळ पाठीवरच्या रंगीत फडक्यात बांधून आणायची आणि तीन पाण्यांनी धुऊनच विकायची. बाळाच्या अंगाखाली धूळ घालायची नाही, असं तिची आई सांगायची.

म्हणूनच मिरेयाबाई सप्टेंबरात तिच्या दारी आली होती.

“शेवाळाला मूळ नसतं, मावशी,” ती म्हणाली होती, “अंगावर सालही नसते. हवेतून आणि पावसातून जे येईल ते सगळं अंगात घेतं. वरचं स्वच्छ शेवाळ आणायचं, जाळीच्या पिशव्यांत भरायचं, गावात टांगायचं. दोन महिन्यांनी त्यालाच विचारायचं, बाबा रे, इथली हवा कशी आहे?”

शेवाळाला विचारायचं, यावर अबुन्दिओ तीन दिवस हसत होता. पण त्यालाही काम मिळालं. पडद्याच्या जाळीच्या बारा पिशव्या नेमेसियाने शिवल्या. सहा तिच्या घराच्या ओळीत, अगदी धुराड्यासमोर. सहा वर दफनभूमीच्या भिंतीवर, अबुन्दिओच्या राखणीत. मिरेयाबाईने फवाऱ्याची एकेक बाटली दिली, सुकलं तर थोडं शिंपडा म्हणाली. आणि गाडीत बसता बसता नेमेसियाचा हात धरून म्हणाली, “मावशी, लेकरासारखं सांभाळा हं.”

नेमेसियाने सांभाळलं. तिच्या ओळीतली शेवाळं दोन महिन्यांनी उतरवली तेव्हा मिरेयाबाई नवल करत म्हणाली होती, “अगंबाई, किती टवटवीत!” आणि नेमेसियाला इतका आनंद झाला होता की रात्रभर झोप आली नव्हती.

आता अकरा वाजायला आले होते. धूर आज खाली बसला होता, जिभेवर ती नेहमीची गोडसर चव. नेमेसियाने खिडकी लावली. मग गाडी दिसावी म्हणून उघडली. मग धूर आत येतो म्हणून परत लावली.

“बस की गं जरा,” अबुन्दिओ म्हणाला, “मलाच गरगरायला लागलंय.”

*

मिरेया सोलिस आली ती एकटीच. डोळे तांबारलेले, केस कसेतरी बांधलेले. बसली, मुन्या या डोंगरी पुदिन्याचा गरम काढा दोन घोट घेतला, भाजलेल्या मक्याच्या ताटलीकडे बघितलंही नाही. टेबलावर दोन कागद ठेवले.

“मावशी, मला खरं सांगा. पिशव्या कुणी बदलल्या का?”

“बदलल्या? कोण बदलणार?”

“भट्टीची माणसं आली होती का या ओळीत? रात्री कुणी हात लावला?”

“माझ्या पिशवीला हात लावील? हात मोडून ठेवीन.”

“मग हे कसं?” तिने कागद पुढे सरकवला. “दफनभूमीच्या सहा पिशव्या, धुराड्यापासून लांब. त्यांत शिसं भरमसाट. तुमच्या सहा, धुराड्याच्या नाकासमोर. त्यांत पाव हिस्साही नाही! आज चारला मी हा कागद वाचला तर भट्टीवाले पोट धरून हसतील. म्हणतील, धुराड्याखालचीच हवा चांगली.”

नेमेसियाच्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं ते एवढंच, की कमी आलं. तिचा जीव भांड्यात पडला. तोंडभर हसत ती म्हणाली, “मग चांगलंच झालं की! मी धूत होते ना.”

“काय?”

“दर शनिवारी. उतरवायचं, तीन पाण्यांनी धुवायचं, निथळायचं, परत टांगायचं. नेलिदा मोजायची. पहिल्या पाण्याला काय काळं निघायचं म्हणून सांगू! तिसऱ्याला अगदी नितळ.” तिने दिराकडे बोट केलं. “याने नाही धुतलं. याला साधं शिंपडायलाही होत नव्हतं. म्हणून त्याचं जास्त.”

अबुन्दिओने मान खाली घातली. “मी आळशी आहे, बाई. खोटं कशाला बोलू?”

मिरेयाबाई एकदम खुर्ची मागे सारून उठली. “पण धुवायला सांगितलं होतं कुणी?”

“तुम्हीच!”

“मी?”

“लेकरासारखं सांभाळा म्हणालात.” नेमेसियाचं हसू आता कुठे ओसरायला लागलं. “लेकराला... लेकराला धुवायचंच की, बाई. दुसरं काय करतात?”

आतल्या खोलीतून नेलिदा म्हणाली, “एक, दोन, तीन.”

मिरेयाबाई मटकन खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसण्याचं नव्हतं. दोन महिन्यांचं काम. बारातल्या सहा पिशव्या गेल्या, आणि त्याही नेमक्या हव्या त्याच. नेमेसिया उभी होती तिथेच राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सकाळी सहाला तिला जे कळलं होतं ते खरं निघालं. चूक तिचीच होती. धुतलं नाही तेव्हाही तिचीच, धुतलं तेव्हाही तिचीच.

“मी सभेत सांगते,” ती म्हणाली. “म्हणते, म्हातारीने घोटाळा केला. तुमचं नाव नको खराब व्हायला.”

“थांबा,” मिरेयाबाई अचानक म्हणाली. तिने डोळे पुसले आणि दुसरा कागद समोर ओढला. तिच्या आवाजात आता वेगळीच घाई होती. “थांबा, थांबा. म्हणजे म्हणूनच! हे मला आठ दिवस कळत नव्हतं.”

कागदावर तीन फोटो होते. काळ्या पाटीवर पांढरे ठिपके.

“बघा मावशी. शेवाळाच्या प्रत्येक कणात एक धागा असतो, डोळ्यांना न दिसणारा. शेवाळाने कसं वाढायचं, हिरवं कसं व्हायचं, सगळं त्या धाग्यात लिहिलेलं. जसं तुमच्या-माझ्यातही असतं. आम्ही तो धागा बाहेर काढतो आणि त्याला विजेचा हलका झटका देतो. धागा धड असेल तर तो गोळा होऊन राहतो. हा बघा, वरच्या तळ्याचा, कसा गोल आहे. तुटलेला असेल तर तुकडे मागे फरफटत जातात.” तिने दुसरा फोटो दाखवला. “हा दफनभूमीचा.”

ठिपक्याला मागे शेपूट होतं.

“आणि हा तुमच्या ओळीचा.”

तिसऱ्याचं शेपूट सगळ्यांत लांब होतं. डोकं लहानसं, आणि मागे पांढरा पिंजलेला पट्टा.

नेलिदा उठून टेबलाशी आली होती. तिने फोटोवर बोट ठेवलं, डोळे मिटून शब्द शोधला आणि तिला तो सापडला. “आई! बाळाचा तारा!”

बाळ येशूच्या देखाव्यावर शेपटीचा तारा लावतात, अगदी तसाच तो दिसत होता. “आम्ही याला धूमकेतूच म्हणतो,” मिरेयाबाई तिच्याकडे बघून हळूच म्हणाली.

नेमेसियाला ताऱ्याशी घेणं नव्हतं. “हे शेवाळ मी धुतलेलं?”

“हो.”

“तीन पाण्यांनी?”

“हो, मावशी. तेच तर! धुतल्याने वर बसलेली पूड गेली, म्हणून शिसं कमी दिसलं. पण दोन शनिवारांमधले सहा दिवस ते अंगावर होतं, आत शिरत होतं. आत शिरलं ते शिरलं. धागा तुटायचा तो तुटलाच.”

“म्हणजे धुऊन उपयोग नाही.”

“धागा नाही सांधत धुऊन.”

मिरेयाबाई कागद गोळा करायला लागली. सभेत काय बोलायचं ते तिच्या डोक्यात आता भराभर जुळत होतं. मग बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की म्हातारी हललेली नाही, आणि ती फोटोकडे नाही, तर लेकीच्या हातांकडे बघते आहे. घासून घासून ते हात लाल झालेले, मनगटापर्यंत फुटलेले. तिला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

“मावशी, शेवाळ म्हणजे माणूस नव्हे हं,” ती गडबडीने म्हणाली. “हात धुतले की पोटात कमी जातं, तेवढं खरं आहे. तुम्ही धुतलंत ते वाया नाही गेलं.”

“पण हवा?”

“हवा कशी धुणार, मावशी?”

अबुन्दिओने सुपाचा वाडगा तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला.

*

नगरसभेच्या दालनात उभं राहायला जागा नव्हती. एका बाजूला धुलाई पथकाच्या बायका पिवळ्या जाकिटांत बसल्या होत्या. नेमेसियाही त्यांच्यातच, कारण जाकीट घालूनच यायचं असं पथकप्रमुखाने बजावलं होतं. तिच्या एका बाजूला नेलिदा, दुसऱ्या बाजूला अबुन्दिओ. नेमेसियाचे हात जाकिटाच्या कडेशी खेळत होते. एकदा उजवी शिवण, एकदा डावी.

मिरेयाबाईने सगळं सांगितलं, चुकीसकट. मग अध्यक्षांनी नाव पुकारलं. नेमेसिया उठली. आपल्याच आवाजाची तिला भीती वाटत होती.

“मी धुतलं शेवाळ. मला माहीत नव्हतं. दर शनिवारी तीन पाण्यांनी धुतलं. म्हणून शिसं कमी आलं.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. भट्टीचा इंजिनियर बारेदा उठला. माणूस गोड बोलणारा. गावच्या जत्रेत बायकांना आधी खुर्ची द्यायचा.

“ताईंचे आभार मानायला हवेत,” तो म्हणाला. “टाळ्या वाजवा ताईंसाठी! आम्ही पंचवीस-तीस वर्षं जे सांगतोय, ते आज ताईंनी सगळ्यांसमोर दाखवून दिलं. धुराड्यासमोर राहा नाहीतर कुठेही राहा, स्वच्छता पाळली की शिसं राहत नाही. पाणी, साबण आणि शिस्त. आमचं धुलाई पथक याचसाठी आहे.”

टाळ्या वाजल्या. पथकाच्या बायकांनीही वाजवल्या, कारण पथकाचंच नाव घेतलं होतं. दोघीतिघींनी अभिमानाने नेमेसियाच्या पाठीवर थाप मारली. बारेदा हसून बसला. अध्यक्षांनी हाताने खूण केली, बसा आता, बाई.

नेमेसिया बसली नाही.

“नाही बसायचं मला,” ती म्हणाली. “इंजिनियरसाहेब, ते फोटो बघितलेत का तुम्ही?”

“बघितले, ताई. ते फार बारीक विज्ञान आहे. आपण—”

“मला कळलं, तर तुम्हाला कळेल. तुम्ही शिकलेले आहात.”

दालनात हशा पिकला. नेमेसियाला हशा नको होता. तिने नेलिदाचा हात धरला आणि वर केला, सगळ्यांना दिसेल असा. नेलिदाला वाटलं, नाव पुकारलंय. तिने दुसराही हात वर केला आणि हसली.

“ही माझी लेक. पाच वर्षांची होती. तुमच्या दवाखान्यात मला सांगितलं, बाई, तुम्ही घाण ठेवता. त्या दिवसापासून धुतेय. जमीन धुतली, भिंती धुतल्या. मी या पोरीला झाडाखाली खेळू दिलं नाही, कुणाच्या घरचं खाऊ दिलं नाही. हिवाळ्यात हात फुटून रक्त यायचं, ही रडायची. तरी घासले. मला वाटायचं, अजून धुतलं असतं तर पोर चांगली झाली असती. रोज वाटायचं. काल रात्रीपर्यंत वाटत होतं.”

आता कुणी हसत नव्हतं. पाठीवर थाप मारणाऱ्या बायकांनी हात मांडीवर घेतले होते.

“मग शेवाळ आलं माझ्या घरी. तेही तसंच धुतलं. तुम्ही शिकवलं तसंच, साहेब. पाणी आणि शिस्त. शेवाळाला मी साबणही लावला असता, पण ते मरतं. एवढं धुतलेलं ते शेवाळ, आणि त्याचा धागा सगळ्यांत जास्त तुटला. न धुतलेल्यापेक्षा जास्त. म्हणजे माझ्यापेक्षा तुमचं धुराडं जवळ होतं त्याला.” ती बारेदाकडे वळली. “आता तुम्हीच सांगा. धुवायचं काय राहिलं?”

बारेदाने चष्मा काढून पुसला. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, बाईंचं म्हणणं लिहून घेतलं आहे, पुढची तारीख जानेवारीत कळवण्यात येईल. एवढंच. आकाश कोसळलं नाही. धुराडं तर बंद पडलंच नाही. बाहेर पडताना सगळ्यांनी वर बघितलं, तर धूर तसाच निघत होता.

पायऱ्यांवर पथकप्रमुख कानाशी येऊन कुजबुजली, “नेमे, तुला आता कामावर ठेवायचे नाहीत गं.”

“नाही ठेवलं तर नाही.”

“आणि एक विचारू? माझा मधला पोरगा...” ती थांबली. तिने आजूबाजूला बघितलं. “मी पण कमी धुतलं असं मला वाटायचं.”

नेमेसियाने तिच्या जाकिटाची सुटलेली गुंडी लावून दिली आणि दोघी दोन दिशांना गेल्या.

घराजवळ आल्यावर अबुन्दिओ म्हणाला, “वहिनी, माक्सिमो असता तर उभा राहून शिट्ट्या मारल्या असत्या त्याने.”

“माक्सिमो असता तर त्याला नोकरी सांभाळायची होती,” नेमेसिया म्हणाली. “गप्पच बसला असता बिचारा.”

तिला रडू येत नव्हतं. तिला संताप आला होता, नर्सचा, बारेदाचा, स्वतःचाही. आणि त्या संतापाच्या खाली कुठेतरी इतकं हलकं वाटत होतं की त्याचीच तिला लाज वाटली. सव्वीस वर्षं डोक्यावर घेऊन फिरलेलं ओझं तिचं नव्हतंच. मग ती पोरीचे हात कशासाठी घासत होती?

दारात अबुन्दिओ आपणहून पोत्यावर पाय पुसायला लागला. नेमेसिया म्हणाली, “राहू दे रे. ये आत तसाच.”

त्याने तरी पुसलेच.

*

घरात अजून उजेड होता. नेलिदाने सकाळीच कोपऱ्यात नाताळचा देखावा मांडून ठेवला होता. तळ्याकाठचं हिरवंगार शेवाळ, त्यावर मातीची मेंढरं, एक गाय, एक पाय तुटलेला राजा. मधोमध बाळासाठी वाटीएवढा खळगा. चोवीस तारखेला मध्यरात्री बाळ ठेवायचं, तोवर तो रिकामाच. त्याच्या वर भिंतीला टाचणीने तो फोटो लावलेला. सभेला निघण्याआधी मिरेयाबाईकडून कागदाची जास्तीची प्रत मागून तिने तेवढाच कापून घेतला असणार. लांब शेपटीचा, सगळ्यांत सुंदर वाटला तो.

बाहेरून आलं की हात धुवायचे, हे नेलिदाला सांगावं लागत नाही. तिने घमेलं आणलं, खिळ्याला टांगलेला ब्रश काढला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही हात पुढे केले. नेमेसियाने किटलीतलं गरम पाणी ओतलं, त्यात थोडं गार घालून ते कोमट केलं.

“एक,” नेलिदा म्हणाली.

नेमेसियाने ब्रश तिच्या हातातून घेतला आणि बाजूला ठेवला. मग आपलेही हात पाण्यात घातले. लेकीच्या हातांसारखेच फुटलेले, फक्त जास्त जुने. पाण्याखाली तिने लेकीची बोटं हातात धरली. ती थरथरत होती. नेहमीच थरथरायची, पण घासताना ते कधी नीट कळलं नव्हतं.

“आई, घासायचं?”

“नाही गं.”

“दोन?”

“थांब जरा.”

नेलिदा थांबली. तिला थांबता छान येतं. काचेबाहेर धूर छपरांवर उतरत होता. अबुन्दिओ चुलीपाशी भांडी वाजवत होता, मध्येच वाजवायचा थांबला.

“आई,” बऱ्याच वेळाने नेलिदा म्हणाली, “पाणी गार झालं.”

“होऊ दे,” नेमेसिया म्हणाली, आणि तिने हात सोडले नाहीत.